हाड कोणाचे, भार कोणाचा?

जैवयांत्रिकीतले एम.टेक. आणि पीएच.डी.चे प्रबंध परीक्षक म्हणून अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांत एक पान हमखास सापडते : मांडीच्या हाडाचे संगणकाने काढलेले चित्र आणि त्यावर निळे, हिरवे, पिवळे, लाल पट्टे. लाल तेथे ताण जास्त, निळे तेथे कमी. चित्र देखणे असते. तोंडी परीक्षेत मी दोनच प्रश्न विचारतो. हे हाड कोणाचे? आणि त्यावरचा भार कोणाचा? एकदा एका हुशार विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, हाड इंटरनेटवरून घेतले आणि भार एका शोधनिबंधातून." त्याला जसे शिकवले तसे त्याने केले होते. माझी तक्रार त्या शिकवण्याबद्दल आहे.

आधी भार म्हणजे काय ते पाहू. आठवीतली तरफ येथे पुरते. साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे. टेकलेल्या पायाचे वजन वगळले तर सुमारे पन्नास किलो भार त्या पायाच्या खुब्याने पेलायचा असतो. हा भार खुब्यापासून आतल्या बाजूला साधारण दहा सेंटीमीटरवर येतो. बाहेरच्या बाजूने कंबर तोलून धरणारे स्नायू मात्र खुब्यापासून सुमारे पाच सेंटीमीटरवरच असतात. म्हणजे त्यांना शंभर किलोंचा जोर लावावा लागतो, आणि सांध्यावर पन्नास अधिक शंभर असे दीडशे किलो पडतात : शरीराच्या वजनाच्या अडीचपट! स्नायूंचा तिरपेपणा आपण येथे सोडून दिला आहे, तरी अंदाज फारसा चुकत नाही. म्हातारी माणसे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरतात, त्याचे मर्मही यातच आहे. खुब्यापासून चाळीस सेंटीमीटरवर टेकलेल्या काठीवर पाच किलोंचा जोर दिला, तर स्नायूंचे काम शंभरावरून साठ किलोंवर येते आणि सांध्यावरचा भार दीडशेवरून एकशेपाचवर.

हा भार प्रत्यक्ष मोजण्याचे अवघड काम बर्लिनमध्ये बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. कृत्रिम खुब्यातच संवेदक बसवून त्यांनी चालताना, जिना चढताना, खुर्चीवरून उठताना सांध्यावर पडणारा भार नोंदवला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात चार रुग्णांची मोजमापे आहेत. सावकाश नव्हे, नेहमीच्या गतीने चालताना भार सरासरीने वजनाच्या सुमारे 2.4 पट भरला. आपल्या तरफेच्या हिशोबाच्या अगदी जवळ. ही आकडेवारी त्यांनी जगाला मोकळेपणाने दिली, हे त्यांचे मोठेपण. पण त्या चार जर्मन रुग्णांचा भार आज आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत जसाच्या तसा उतरतो. त्यात मांडी घालून जेवायला बसणे नाही, शौचाला उकिडवे बसणे नाही, दिवसभर निंदण करणारी बाई तर नाहीच. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांचेच आयुष्य गणितातून गळून पडते. जयपूर फूटचे डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960च्या दशकात नेमका हाच प्रश्न आधी विचारला होता : आपला माणूस बसतो कसा, अनवाणी चालतो कसा?

हाडाचे तसेच. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला रक्त पोचले नाही, तर हाडाचा तो भाग मरतो आणि ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. अशा हाडाची आतली पोकळी पुष्कळदा अरुंद आणि कठीण झालेली असते. त्यात कृत्रिम सांध्याची दांडी बसवताना हाड तडकण्याचा धोका असतो. निरोगी हाडाच्या तयार चित्रावर केलेले गणित येथे काय कामाचे? नागपूरच्या संशोधकाच्या दाराशीच हा प्रश्न उभा आहे. माझ्या हाती आलेल्या प्रबंधांत तो मला अजून दिसलेला नाही.

शहरात साधनांचा तुटवडा आहे असेही नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 पासून आहे, आणि 1960 साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज व्हीएनआयटी म्हणून उभे आहे. 2014 साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 'बेटिक' हे केंद्र सुरू केले, आणि व्हीएनआयटी व पुण्याचे सीओईपी त्याला जोडले गेले. आधी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांची अडचण समजून घ्यायची, मग उपकरण करायचे, ही तेथली रीत मला पटते. त्यातून डिजिटल स्टेथोस्कोपसारखी उपकरणे बाजारापर्यंत पोचली. पण उपकरणाला बक्षीस मिळते, मोजमापाला नाही. पन्नास रुग्णांच्या हाडांची जाडी शांतपणे मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. त्या मोजमापाशिवाय मात्र उपकरण अंदाजाने केलेलेच राहते.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एम.टेक.च्या प्रबंधाला जेमतेम वर्ष मिळते. रुग्णांवर काही मोजायचे तर नीतिसमितीची परवानगी हवी, आणि तिला महिने लागतात. ती हवीच, रुग्ण म्हणजे नमुना नव्हे. यावर उपाय मला एकच दिसतो. प्रत्येकाने नवा विषय घेण्याऐवजी पाच-सहा जणांनी एकापाठोपाठ एकच प्रश्न पुढे न्यावा. पहिल्याने परवानगी आणि मोजमाप, दुसऱ्याने गणित, तिसऱ्याने प्रयोगशाळेत पडताळा, आणि आधीच्याचे चुकले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. संगणकाचे उत्तर प्रयोगाशी ताडून पाहिले नसेल, तर मार्गदर्शकानेच तो प्रबंध परत करावा. दोष मुलांपेक्षा आम्हा मार्गदर्शक-परीक्षकांकडे अधिक जातो, कारण सही आमची असते.

शिक्षकांना यात काय करता येईल? घरगुती वजनकाटा वर्गात आणा. मुलाला त्यावर काठी टेकवून एका पायावर उभे करा, काठीवरचा जोर वाचा, पट्टीने अंतर मोजा आणि वरचा हिशोब फळ्यावर मांडा. मग विचारा, दहा सेंटीमीटर आणि पाच सेंटीमीटर हे आकडे सरांनी कोठून आणले? ते तुझ्या शरीराला लागू आहेत का? हा प्रश्न आठवीत विचारण्याची सवय लागलेला मुलगा पुढे प्रबंधात परक्याचे हाड घेताना निदान थबकेल.