न्यायव्यवहारातील ‘कळविणे’

कायद्याच्या मराठी परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की रूढ, या एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रश्न गौण होय. संकटात सापडलेल्या सामान्य नागरिकास आपला हक्क त्या शब्दातून ओळखता येतो की नाही, हीच परिभाषेची खरी कसोटी.

संविधानाच्या अनुच्छेद २२ अन्वये अटकेची, तसेच प्रतिबंधक स्थानबद्धतेची कारणे संबंधित व्यक्तीस कळविणे बंधनकारक आहे. ‘कळविणे’ हे ‘कळणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप. परंतु रूढीने त्याचा अर्थ ‘निरोप धाडणे’ इतका पातळ झाला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) या प्रकरणी नागपूरच्या स्थानबद्धास कारणे इंग्रजीत देण्यात आली व त्याने मागितलेला हिंदी अनुवाद नाकारण्यात आला. पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून दिली होती, हा शासनाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. न कळता कळविले असे होत नाही, हाच त्या निर्णयाचा मथितार्थ.

आता पोलीस ठाण्यातील भाषा पाहू. ‘अदखलपात्र’ हा शब्द रचनेने निर्दोष आहे; पण व्यवहारात त्याचे ‘एन.सी.’ झाले आहे. तो कागद घेऊन परतणाऱ्यास तपास सुरू झाला असे वाटते. वस्तुतः दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज पोलिसांस असा तपास करता येत नाही. कागदावर ‘न्यायालयात दाद मागण्याची समज दिली’ असा शेरा बहुधा असतो. परंतु लोकभाषेत ‘समज देणे’ म्हणजे ताकीद देणे. हक्काची सूचना दटावणीच्या शब्दांत पोहोचते, ती अशी. उलटपक्षी, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकाकडे लेखी व त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

‘विधी सेवा प्राधिकरण’ या नावाचेही तसेच. ‘विधी’ म्हटल्यावर मराठी मनास लग्नविधी वा अंत्यविधी आठवतो, वकील नव्हे. १९८७ च्या अधिनियमान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. ही गोष्ट त्या पाटीवरून कोणास उमगावी?

परिभाषा टाकून द्यावी, असे येथे सुचवावयाचे नाही. न्यायनिर्णयास काटेकोर शब्द लागतातच. सोपेपणाच्या हव्यासाने अर्थ सैल झाला तर हानी नागरिकाचीच. मात्र संज्ञेशेजारी तिचा परिणाम सांगणारे एक वाक्य असावे. ‘या तक्रारीचा तपास न्यायालयाच्या आदेशाशिवाय होणार नाही, तो आदेश मागण्याचा अधिकार आपणास आहे’, एवढे त्या कागदावर छापले, तर ‘कळविणे’ या क्रियापदास त्याचा मूळ अर्थ परत मिळेल.