पाठीराख्यांचे गाणे कुठून येते?

भारतीय फुटबॉल संघाने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकले. पण त्या संघाच्या पाठीराख्यांकडे स्वतः घडवलेले, फुटबॉलचे म्हणता येईल असे एक गाणे आजही नाही. देशाच्या नावाचा घोष आहे, ढोल आहेत, टाळ्या आहेत. गाणे नाही. मला हे खुपते, कारण हजारो माणसांनी एका सुरात गाण्याची कला आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावी लागणार नाही.

आषाढी वारीत नीरास्नान उरकून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. रिंगणात सगळे अश्वाकडे बघतात. फुटबॉलच्या दृष्टीने मात्र कान द्यावा तो दिंडीच्या गाण्याकडे. विणेकरी मध्ये, टाळकरी दोन रांगांत, मृदंग सोबतीला. एका बाजूने चरण उचलायचा, दुसऱ्या बाजूने तो झेलायचा आणि दर वेळी ध्रुपदावर सगळ्यांनी एकत्र यायचे. चाल अशी की बसलेल्या गळ्यालाही पेलावी, लय अशी की पावलाने धरावी. हातात पुस्तक लागत नाही. नवखा माणूस दोन चरणांत ध्रुपद शिकतो आणि तिसऱ्याला गाऊ लागतो. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की तोच अफाट समाज क्षणात शांत होतो. सोहळ्याला हे शिस्तबद्ध रूप दिले हैबतबाबा आरफळकरांनी, आणि त्यांचे आरफळही याच जिल्ह्यातले.

आता जगातल्या मैदानांकडे पाहू. विश्वचषकासाठी आयोजक दर चार वर्षांनी गाणी करून घेतात. २०१० साली शकीराचे ‘वाका वाका’ जगभर वाजले, लोक त्यावर मनापासून नाचले. पण शून्य-एकने मागे असताना, सामन्याची दहा मिनिटे उरलेली असताना कोणत्या देशाच्या पाठीराख्यांनी ते गायचे? ते सगळ्यांचे असल्यामुळे कुणाच्याच अडचणीला धावून येत नाही. पाठीराख्यांच्या गाण्याची पहिली परीक्षा मी हीच धरतो: ते पराभवात गाता येते का? २०१२च्या युरो स्पर्धेत ग्दान्स्कला स्पेनने आयर्लंडवर चार गोल चढवले होते. सामना हातचा गेला होता, आणि शेवटची काही मिनिटे आयरिश प्रेक्षक ‘द फील्ड्स ऑफ अॅथनराय’ गात राहिले. ते गाणे दुष्काळात धान्य चोरल्याबद्दल देशाबाहेर धाडलेल्या माणसाचे आहे. फुटबॉलचा त्यात उल्लेखही नाही, पण दुःख सोसण्याची ताकद आहे.

दुसरी परीक्षा आठवणीची. वेल्सचे ‘इमा ओ हीड’ डाव्हिड इवान यांनी १९८३ साली लिहिले. त्यात सोळाशे वर्षांपूर्वीच्या, सन ३८३च्या घटनेपासून धागा धरला आहे आणि आम्ही अजून आहोत असे ठणकावले आहे. २०२२च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध आणि जूनमध्ये युक्रेनविरुद्ध कार्डिफच्या मैदानात सत्तरी उलटलेले इवान ते गायला उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत सारे स्टेडियम गायले. १९५८नंतर प्रथमच वेल्स विश्वचषकाला पोहोचले. त्याच वर्षी अर्जेंटिना ‘मुचाचोस’ गात जगज्जेती झाली. चाल २००३ सालच्या एका लोकप्रिय गाण्याची, शब्द एका शिक्षकाने नव्याने बांधलेले. मॅराडोना, मेस्सी, माल्विनास बेटांच्या युद्धात पडलेली पोरे, हरलेल्या अंतिम लढती आणि माराकानावर ब्राझीलवर मिळवलेला विजय, एवढे सारे त्या काही ओळींत मावले. ओळखीची चाल आणि नेमकी आठवण यांची अशी गाठ पडली की गाणे कुणाला शिकवावे लागत नाही.

इंग्लंडच्या ‘थ्री लायन्स’चे मोठेपण मला याच कारणाने मान्य आहे. १९९६चे हे गाणे १९६६नंतरच्या तीस वर्षांच्या अपयशाची कबुली देत आशा धरते. ‘स्वीट कॅरोलाइन’ इंग्लंडने अलीकडे उचलले. ते गायला सोपे आहे, आनंद देते, पण इंग्लंडबद्दल त्यात काही नाही, आणि कानाला ते जाणवते.

या कसोट्या आपल्याला लावल्या तर चित्र मिश्र दिसते. २०१८च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून कळकळीची हाक दिली आणि दोनच दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, मैदान भरले. लोक येतात, हे सिद्ध झाले. २०१७पासून ‘ब्लू पिलग्रिम्स’ हा पाठीराख्यांचा गट संघामागे गावोगाव जातो, त्याबद्दल मला आदर आहे. ४ जुलै २०२३ला बेंगळुरूत कुवेतविरुद्ध सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टीवर जिंकला, तेव्हा स्टेडियमने रहमानचे ‘माँ तुझे सलाम’ गायले. ऐकताना अंगावर काटा येतो. तरीही ते १९९७चे, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे गाणे आहे. स्टुडिओत एका असामान्य गळ्यासाठी बांधलेले असल्यामुळे गर्दीच्या हाती त्याचे ध्रुपदच लागते. त्यात देश आहे, पण जकार्ता नाही, छेत्री नाही, गेलेल्या संधी नाहीत. क्रिकेटला, हॉकीला, पंधरा ऑगस्टलाही ते तितकेच शोभते.

आठवण गाण्यात बांधण्याचे काम आपल्याकडे पोवाड्याने केले. शाहीर प्रसंग सांगतो, माणसांची नावे घेतो, ठिकाण सांगतो, आणि मागचे झीलकरी जी जी करत सूर उचलून धरतात. गॅलरीला हवी असलेली रचना हीच आहे: पुढे एक सांगणारा, मागे सारे झील धरणारे. शाहीर साबळे सातारा जिल्ह्यातल्याच पसरणीचे. त्यांनी गायलेले, राजा बढे यांचे आणि श्रीनिवास खळे यांनी चाल लावलेले ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले. सरकारने शिक्का मारण्याच्या कितीतरी आधी ते शाळाशाळांतल्या पोरांना पाठ होते. क्रम असाच असावा लागतो.

कोल्हापुरात तर फुटबॉलही आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा. पण तिथली ईर्ष्या घोषणांत खर्च होते आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. त्या उत्साहातला थोडा भाग भारतासाठी शब्द बांधण्यात गेला पाहिजे.

हे काम फुटबॉल महासंघाने कुणा संगीतकाराकडे सोपवू नये. पेठेतल्या पोरांनी, शाहिरी जाणणाऱ्यांनी, वारीत टाळ धरलेल्यांनी ते करावे. चाल जुनी चालेल, शब्द नवे हवेत, आणि त्यांत १९६२ हवे. वाद्याशिवाय गाऊन पाहा. संघ हरत असताना गाऊन पाहा. तिथे टिकले तर पुढच्या सामन्याला घेऊन या.