वेबसाइट बंद पडली तर ओरडणार कोण?

ग्रंथालयाची वेबसाइट चांगली आहे की नाही, हे ठरवायची माझी कसोटी एकच आहे. उद्या ती बंद होणार असं कळलं, तर आरडाओरडा कोण करेल?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘ट्रोव्ह’ या कसोटीला उतरलेली आहे. 2009मध्ये सुरू झालेल्या या साइटवर जुन्या वर्तमानपत्रांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत आणि ती कुणालाही फुकट वाचता येतात. स्कॅनमधली अक्षरं संगणक ओळखतो, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पुसट छपाई वाचताना तो भरपूर चुकतो. ग्रंथालयाने या चुका लपवल्या नाहीत. मूळ पानाशेजारी संगणकाने ओळखलेला मजकूर दाखवला आणि वाचकांना सांगितलं, चूक दिसली तर दुरुस्त करा. पणजोबांचं नाव शोधत आलेला माणूस ते नाव नीट करतो, मग हात लागलाच आहे म्हणून पुढच्या दोन ओळीही नीट करतो. अशा कोट्यवधी ओळी लोकांनी सुधारल्या आहेत.

2016मध्ये ग्रंथालयाच्या निधीला कात्री लागली, तेव्हा ‘फंड ट्रोव्ह’ हा हॅशटॅग चालला. 2023च्या सुरुवातीला तर पैशांअभावी साइट बंद करायची वेळ आली होती. पुन्हा गलका झाला आणि एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी 3 कोटी 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. ज्या साइटवर आपण स्वतः राबलोय, तिच्यासाठी माणूस भांडतो. याहून मोठी जाहिरात कुठली?

याउलट न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा 2018मधला ‘इन्स्टा नॉव्हेल्स’ बघा. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ थेट इन्स्टाग्राम स्टोरीजमध्ये! पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा ठेवायची जागा, तो उचलला की पान उलटतं. कल्पना झकास होती. वाचक जिथे आहे तिथे पुस्तक नेलं, हे मला मनापासून आवडलं. पण त्यात वाचकाने करायचं काय, तर अंगठा उचलायचा. एवढ्यावर कुणी ग्रंथालयासाठी भांडायला उठत नाही.

आपल्याकडे? मराठी ग्रंथालयांच्या ज्या साइट्स मी मोबाइलवर उघडल्या, त्यातल्या बऱ्याच लग्नपत्रिकेसारख्या होत्या. संस्थापकांचा फोटो, कार्यकारिणीची नावं, उद्घाटनाचे सरकते फोटो, वेळ सकाळी अमुक ते तमुक. एका ठिकाणी पुस्तकांची यादी पीडीएफमध्ये मिळाली, तीही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. युनिकोडमध्ये लेखकाचं नाव टाकून शोधलं, तर काहीच सापडेना. पुस्तक कपाटात असेलही, पण फोनवरच्या वाचकापुरतं ते नाहीच.

पैसे नाहीत, हे कारण खोटं नाही. अनुदानावर तग धरणाऱ्या वाचनालयाला ‘ट्रोव्ह’ उभारता येणार नाही. पण त्याला तसं काही उभारायची गरजही नाही. मराठी विकिस्रोतावर हीच पद्धत फुकट चालते: एका बाजूला स्कॅन केलेलं पान, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि मुद्रितशोधन करणारे स्वयंसेवक. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण 60 वर्षांनी पुस्तक स्वामित्व हक्कातून मुक्त होतं. अशी कितीतरी पुस्तकं जुन्या वाचनालयांच्या कपाटांत वाळवीची वाट बघत आहेत.

म्हणून नव्या साइटचं कंत्राट देण्याआधी वाचनालयाने आपल्याच गावातल्या लेखकाचं एक मुक्त झालेलं पुस्तक निवडावं. ते स्कॅन करून विकिस्रोतावर चढवावं आणि दुवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा, ‘आमच्याकडून चुका राहिल्यात, जरा बघता का?’ एवढ्याच ओळीसह. मराठी माणूस दुसऱ्याच्या शुद्धलेखनातल्या चुका काढायला कधी नाही म्हणालाय?