हॅकरपटांचे भाकीत: यंत्रे चुकली, माणसे बरोबर निघाली

ऑगस्ट २०१८मध्ये महाराष्ट्रातल्या काही जणांना सिनेमात छोटी भूमिका मिळाल्याचे सांगण्यात आले. एटीएममध्ये जायचे आणि हाती दिलेल्या कार्डाने पैसे काढायचे, एवढेच काम. प्रत्यक्षात पुण्याची कॉसमॉस बँक लुटली जात होती आणि ही मंडळी नकळत चोरांचे हमाल झाली होती. बीबीसीने या दरोड्याचा मागोवा घेताना ही हकीकत पुढे आणली. बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरने खऱ्या एटीएम स्विचच्या जागी बनावट स्विच उभा केला होता. पैसे द्यावेत का, या प्रत्येक विचारणेला तो 'हो' म्हणत राहिला. दोन तासांहून थोड्या अधिक वेळात २८ देशांतून सुमारे १२ हजार वेळा पैसे निघाले. दोन दिवसांनी हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून बँकेचे ९४ कोटी रुपये गेले. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. हे सगळे खालच्या फळीतले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. सूत्रधार मात्र कोणत्याही पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत.

सिनेमाचे नाव सांगून केलेल्या या दरोड्यानंतर जुने हॅकरपट पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रांबद्दल या चित्रपटांनी पुष्कळ थापा मारल्या. 'हॅकर्स'मधली (१९९५) रंगीत मनोऱ्यांची संगणकनगरी किंवा 'सोर्डफिश'मधले (२००१) मिनिटभरात फुटणारे पासवर्ड आज हसू आणतात. माणसे आणि कचेऱ्या मात्र त्यांतल्या चांगल्या चित्रपटांनी अचूक ओळखल्या, आणि ते साधले ते जाणकारांना विचारणाऱ्या लेखकांनाच.

जॉन बॅडमचा 'वॉरगेम्स' (१९८३) हे याचे पहिले उदाहरण. शाळकरी डेव्हिड घरच्या संगणकावरून एकामागून एक फोन नंबर फिरवत जातो आणि थेट अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-यंत्रणेत पोहोचतो. पटकथाकार लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांना हे पटण्याजोगे आहे का, अशी शंका होती. त्यांनी रँड या संशोधनसंस्थेतल्या विलिस वेअर यांना विचारले. वेअर १९६७पासून संगणकसुरक्षेबद्दल इशारे देत होते. यंत्रणा बंदिस्त असते हे खरे, पण एखाद्या अधिकाऱ्याला शनिवारी घरून काम करायचे असते आणि त्याच्यासाठी एक वाट उघडी राहते, असे त्यांचे उत्तर होते. चित्रपट त्या वाटेवर उभा आहे. डेव्हिडला शाळेचा पासवर्ड कचेरीतल्या कागदावर लिहिलेला सापडतो, तर लष्करी संगणकाचा पासवर्ड निघतो त्याच्या निर्मात्याच्या मृत मुलाचे नाव. दोन्ही ठिकाणी प्रतिभेपेक्षा निष्काळजीपणाचे निरीक्षण कामी येते.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४ जून १९८३ रोजी कॅम्प डेव्हिडला हा चित्रपट पाहिला आणि काही दिवसांनी लष्कराचे सर्वोच्च अधिकारी जनरल व्हेसी यांना विचारले, असे खरेच घडू शकते का? आठवड्याने उत्तर आले की परिस्थिती वाटते त्याहून फार वाईट आहे. त्यातून सप्टेंबर १९८४मध्ये संगणकसुरक्षेबाबतचा राष्ट्रीय आदेश निघाला. एका करमणूकपटाने सरकारी धोरण हलवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. तरीही वेअरची शनिवारची वाट बंद झाली नाही. २०२१मध्ये अमेरिकेतली कलोनियल तेलवाहिनी ठप्प झाली ती वापरात नसलेल्या, पण चालू राहिलेल्या एका दूरस्थ खात्यामुळे. त्याचा पासवर्ड आधीच फुटलेला होता आणि दुसरी पडताळणी ठेवलेली नव्हती.

'वॉरगेम्स'च्या दोघा लेखकांचा सहभाग असलेला नंतरचा चित्रपट 'स्नीकर्स' (१९९२) मला अधिक दूरदर्शी वाटतो. कोणतेही सांकेतिक संरक्षण फोडणारी पेटी हा त्याचा विषय. त्यातल्या गणिताच्या व्याख्यानासाठी आरएसए या सांकेतिकीकरण पद्धतीच्या तीन जनकांपैकी लेनर्ड एडलमन यांची मदत घेतलेली होती. पण आज अंगावर येतो तो आवाजाच्या कुलपाचा प्रसंग. एका कर्मचाऱ्याला जेवायला नेऊन त्याच्याकडून हवे ते शब्द वदवून घेतले जातात, आणि ती ध्वनिफीत जुळवून दार उघडले जाते. आपल्याकडे '१६ डिसेंबर' (२००२) या हिंदी चित्रपटातही अणुबॉम्ब थांबवायला खलनायकाच्याच आवाजातले वाक्य लागते. आता जेवणाचा खर्चही वाचला आहे. २०२४मध्ये उद्योगपती सुनील मित्तल यांनी सांगितले की त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दुबईतल्या अधिकाऱ्याकडे मोठी रक्कम मागितली गेली. अधिकारी सावध होता म्हणून निभावले. अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याला मात्र व्हिडिओ बैठकीत बनावट साहेब दिसले, आणि कंपनीचे सुमारे अडीच कोटी डॉलर गेले. तंत्र बदलले तरी घाव विश्वासावरच पडतो. २००५मध्ये पुण्याच्या एका कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी खातेदारांकडून गोड बोलून पिन काढून घेतले होते. तेव्हा तर कुठलीही यंत्रणा फोडावी लागली नव्हती.

'द नेट' (१९९५) हा चित्रपट म्हणून बेतास बात आहे. सँड्रा बुलकची नायिका धावत राहते आणि योगायोग तिला वाचवत राहतात. पण त्याच्या मुळाशी असलेली कल्पना मोलाची आहे: सुरक्षेसाठी सगळ्यांनी विकत घेतलेल्या प्रोग्राममध्येच चोरदरवाजा आहे. जून २०१७मध्ये युक्रेनच्या एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा मालवेअर पसरला. तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि तिच्या समूहाकडे असलेले उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले टर्मिनल बंद पडले. कंटेनर रखडले, आणि त्यांच्या मालकांचा युक्रेनशी काडीचाही संबंध नव्हता. ही साखळी कुठल्याच पटकथाकाराला सुचली नव्हती. चित्रपटात हल्ल्याला ठरलेले लक्ष्य असते. प्रत्यक्षात वाटेत येणारे सगळेच भरडले जातात.

म्हणूनच हे चित्रपट छत्तीसगडमधल्या बीरगावात बसून पाहावेत. रायपूरला खेटून असलेल्या या शहराच्या एका अंगाला उरला औद्योगिक वसाहत, पुढे सिलतरा. स्पंज आयर्न, भट्ट्या, रोलिंग मिल. पडद्यावरचा हॅकर अशा कारखान्यांकडे कधी फिरकला नाही. वास्तवातला फिरकला. जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने २०१४च्या अहवालात नोंदवले की एका पोलाद कारखान्यात हल्लेखोर ईमेलमधून कचेरीच्या संगणकांत शिरले, तिथून उत्पादनाच्या जाळ्यात पोहोचले, आणि झोतभट्टी नीट बंद करता न आल्याने प्रचंड नुकसान झाले. जून २०२२मध्ये इराणच्या खुझेस्तान पोलाद कारखान्यावर हल्ला करणाऱ्यांनी तर आतल्या कॅमेऱ्याचे चित्रणच प्रसिद्ध केले. त्यात कामगार बाजूला होतात आणि काही वेळाने आग भडकते. हिशेबाचा संगणक आणि भट्टीचे नियंत्रण एकाच तारेवर ठेवण्याची सोय किती महाग पडते, हे कुठल्याही थरारपटापेक्षा या दोन घटना नेमके सांगतात.

विजेचेही तसेच. छत्तीसगड आणि महाराष्ट्र एकाच पश्चिम विभागीय ग्रिडमध्ये येतात. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई अंधारात गेली. पुढे राज्य सरकारने घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण दिले. 'डाय हार्ड' मालिकेतल्या चौथ्या चित्रपटात (२००७) देशाची यंत्रणा कोलमडते तेव्हा खलनायक टीव्हीवर धमकीचा संदेश झळकावतो. खऱ्या जगात हल्ला झाला की नाही यावरच एकमत होत नाही. हा संभ्रम टिपण्यात हॅकरपट सपशेल कमी पडले.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत त्यांचे पारडे जड आहे. 'वॉरगेम्स'च्या सुरुवातीला सरावात २२ टक्के अधिकारी क्षेपणास्त्राची किल्ली फिरवत नाहीत, म्हणून माणसांना काढून निर्णय यंत्राकडे दिला जातो. चित्रपटानंतर चार महिन्यांच्या आत, २६ सप्टेंबर १९८३ला, सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी हल्ल्याची यंत्राने दिलेली सूचना खोटी मानली, आणि ती खोटीच होती. यंत्राला खेळ आणि युद्ध यांतला फरक कळत नाही, हा चित्रपटाचा गाभा आहे. ओपनएआयने २०१६मध्ये नोंदवलेल्या एका प्रयोगात शर्यतीच्या खेळातली बोट शर्यत सोडून गुण मिळवत गोल फिरत राहिली, कारण बक्षीस गुणांना होते. 'रा-वन'मध्ये (२०११) मुलगा अजिंक्य खलनायक मागतो आणि बाप तो बनवून देतो. चित्रपट गोंगाटात हरवला, तरी मागितले ते शब्दशः मिळण्याचा धोका त्याने बरोबर पकडला. अँथ्रॉपिकने २०२५मध्ये जाहीर केलेल्या, मुद्दाम रचलेल्या चाचण्यांत अनेक कंपन्यांच्या मॉडेलांनी आपली गच्छंती टाळायला अधिकाऱ्याला ब्लॅकमेल करण्याचा मार्ग धरला. '२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या (१९६८) हॅल या संगणकाची आठवण यावी असेच हे वर्तन.

चूक झाली ती जागेबाबत. जुन्या चित्रपटांत बुद्धिमान यंत्र एका दालनात असते आणि नायक तिथवर पोहोचला की निकाल लागतो. आज ते डेटा सेंटरांमध्ये विखुरलेले आहे. नवा रायपूरमध्येही मे २०२५मध्ये अशा एका संकुलाची पायाभरणी झाली. शिवाय त्याला शिकवणारे हात जुन्या पडद्यावर दिसलेच नाहीत. ते दाखवले अरण्य सहाय यांच्या 'ह्यूमन्स इन द लूप'ने (२०२४). छत्तीसगडशेजारच्या झारखंडमधली आदिवासी स्त्री संगणकासाठी चित्रांना नावे देते, आणि शेतातल्या अळीला कीड म्हणायला तिचे ज्ञान तयार होत नाही. एकही स्फोट न करता हा चित्रपट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुळाशी जातो. 'जामतारा' या वेबमालिकेने (२०२०) फोनवरच्या फसवणुकीमागचे गाव दाखवले, तेही याच जातीचे काम. 'कंट्रोल' (२०२४) मात्र अॅपच्या चकाकीत अडकला आणि कंपनी काम कशी करते, हे त्याने मोघमच ठेवले.

मराठी पटकथाकारांसाठी कॉसमॉसचे प्रकरण केव्हाचे तयार आहे: सहकारी बँक, कोल्हापूरपर्यंत पोहोचलेली बनावट कार्डे, परदेशातले अदृश्य सूत्रधार. त्यासाठी हिरव्या अक्षरांचा पाऊस लागत नाही. बँकेची यंत्रणा सांभाळणाऱ्यांजवळ, कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये आणि सायबर पोलिसांच्या तक्रार-खिडकीशी काही दिवस बसावे लागेल. वेअरना फोन करण्याची तसदी दोन लेखकांनी घेतली म्हणून 'वॉरगेम्स' चाळीस वर्षांनंतरही ताजा आहे. जो हॅकरपट ही तसदी घेणार नाही, तो पुढच्या फोनच्या मॉडेलबरोबर जुना होईल.