अ‍ॅन फ्रँकचा दुसरा खर्डा

अ‍ॅन फ्रँकच्या डायरीत २० जून १९४२ या तारखेखाली एक नोंद आहे. तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीचे मनोगत पुढे कुणाला, खुद्द तिलाही, वाचावेसे वाटणार नाही, अशा अर्थाचे ती तीत म्हणते. जिवाभावाची मैत्रीण नाही म्हणून ही वही, आणि तिचे नाव किटी. डायरीची ओळख करून देताना हीच नोंद बहुधा पुढे केली जाते. ‘कुणासाठीही न लिहिलेले, म्हणून निर्मळ’ हा या पुस्तकाचा लौकिक पुष्कळसा तिच्यावर उभा आहे. अडचण एवढीच, की ही नोंद जून १९४२मध्ये लिहिलेली नाही. ती १९४४मध्ये, वाचक मिळण्याची शक्यता दिसल्यानंतर लिहून तिला मागची तारीख दिलेली आहे.

ही शक्यता रेडिओवरून आली. २८ मार्च १९४४ रोजी लंडनमधील डच निर्वासित सरकारचे शिक्षणमंत्री बोल्कस्टाइन यांनी जाहीर केले, की युद्धानंतर सामान्य माणसांच्या डायऱ्या आणि पत्रे गोळा केली जातील. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या लपण्याच्या जागेत हे ऐकताच सगळ्यांचा रोख अ‍ॅनच्या वहीकडे वळला. २० मेपासून तिने कचेरीतल्या पातळ सुट्या कागदांवर डायरी नव्याने लिहायला घेतली. ४ ऑगस्टला अटक होईपर्यंत दोनशेहून अधिक कागद भरले. पुस्तकाचे नावही ठरले होते : ‘हेट आख्टरहाउस’, म्हणजे मागचे घर. अभ्यासक मूळ वह्यांना ‘अ’, या कागदांना ‘ब’ आणि वडील ओटो फ्रँक यांनी दोन्हींतून जुळवून १९४७ साली छापलेल्या पाठाला ‘क’ म्हणतात.

‘अ’ आणि ‘ब’ शेजारी ठेवले की खरी गंमत सुरू होते. वहीत किटी एकटी नव्हती. सिसी फान मार्क्सफेल्ट यांच्या मुलींसाठीच्या कादंबऱ्यांतल्या मैत्रिणींचा अख्खा घोळकाच होता आणि अ‍ॅन त्यांना आळीपाळीने पत्रे लिहीत असे. ‘ब’मध्ये बाकीच्या गेल्या, किटी उरली. हा निर्णय लेखिकेचा आहे. अनेक मैत्रिणींशी चाललेली बडबड ही एका मुलीची करमणूक असते. एकाच मैत्रिणीला उद्देशून लिहिले की अनोळखी वाचक त्या जागी जाऊन बसू शकतो. म्हणून ‘कोण वाचणार?’ या वाक्यातली विनम्रता मला खोटी वाटत नाही. ती चांगल्या प्रस्तावनेतली विनम्रता आहे, आपल्या जुन्या ग्रंथकारांना चांगली ठाऊक असलेली.

मग मूळ वही तरी खरोखर वाचकाविना होती का? पहिल्या वहीतली दोन पाने तिने सप्टेंबर १९४२मध्ये तपकिरी कागद चिकटवून झाकली होती. ती २०१८ साली वाचता आली : काही चावट विनोद आणि शरीरसंबंधांविषयी थोडे लेखन. झाकण्याचे कारण तिने नोंदवलेले नाही. पण तेव्हा मोजक्या खोल्यांत सात माणसे राहत होती, आणि कागद चिकटवतो तो कुणाच्या तरी नजरेसाठीच. म्हणजे वाचक पहिल्यापासून होताच, फक्त नकोसा. रेडिओने हवासा वाचक दिला आणि लपवण्याची वस्तू दाखवण्याची झाली. या बदलाला ‘निरागसपणा गेला’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तिने पेटरवरच्या प्रेमाचा बराचसा भाग ‘ब’मधून वगळला. तोवर ती ओढ ओसरत चालली होती, आणि घराची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकात तो मजकूर तिला नकोसा वाटला असावा. ओटो फ्रँकनी तो वह्यांतून परत घेतला. वाचकांनी सर्वांत जिव्हाळ्याने वाचलेले प्रकरण लेखिकेने स्वतः कापले होते, हे मला अजून पचत नाही. वाचक म्हणून मी वडिलांचा ऋणी आहे. समीक्षक म्हणून मुलीच्या बाजूने.

या पाठभेदांविषयी बोलायला पुष्कळांना संकोच वाटत आला, आणि त्याला कारण आहे. ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनी डायरी बनावट असल्याची हाकाटी वर्षानुवर्षे केली. खर्डे अनेक, हे त्यांना पुराव्यासारखे वापरता येत होते. १९८६ साली नेदरलँड्समधील युद्धविषयक संशोधन संस्थेने तिन्ही पाठ एकाखाली एक छापले. सोबत हस्ताक्षर, कागद आणि शाई यांच्या तपासणीचे निष्कर्षही दिले. आरोप त्याने निकालात निघाला. सवय मात्र गेली नाही. अ‍ॅन अजूनही साक्षीदार म्हणूनच वाचली जाते. तिने खोडले, जुळवले, पात्रांना टोपणनावे दिली, हे सांगितले की साक्ष पातळ होईल अशी भीती वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीने अटकेच्या सावलीत, कागदाची चणचण असताना, स्वतःच्याच मजकुरावर इतक्या निर्दयपणे कात्री चालवली, ही साक्ष लहान आहे काय?

‘ब’चे कागद २९ मार्च १९४४च्या नोंदीपाशी थांबतात. रेडिओवर काय ऐकले, ते सांगणारी नोंद तीच.