नव्याहून नवी रॅले!

मंडळी, पाककृती, प्रवासवर्णनं आणि कवितांच्या गर्दीत सायकलच्या रंगाची समीक्षा कशाला, असं संपादकांनाही क्षणभर वाटलं असेल. पण इथे इंग्लंडमध्ये जुन्या सायकलींची प्रदर्शनं मी बरीच वर्षं आवडीने पाहतो. नाटक सुटल्यावर जसं गाडीत बसल्या बसल्या बोलायला सुरुवात होते, तसं तिथून परतताना मनात बरंच काही साचलेलं असतं. ते आज मांडतो.

प्रदर्शनात हमखास भेटते ती पन्नास-साठच्या दशकातली नॉटिंगहॅमची रॅले. सँडब्लास्टिंग करून जुना रंग उडवलेला, वर पावडर कोटिंगचा आरशासारखा काळा थर, त्यावर इंटरनेटवरून मागवलेली सोनेरी डेकल्स. भोवती गर्दी आणि एकच उद्गार, "अगदी नवी कोरी!" मला मात्र प्रश्न पडतो, की ही सायकल अशी नक्की कोणत्या साली दिसत होती? माझं उत्तर : कधीच नाही.

कारण साधं आहे. त्या काळचा रंग म्हणजे भट्टीत भाजलेलं पातळ एनॅमल. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा. तो टिकाऊ असतो, शंकाच नाही. पण नळ्या जिथे पितळाने झाळून जोडलेल्या असतात, त्या लगच्या धारदार कडा त्याखाली गोलगरगरीत होतात. सीटखाली ठोकलेला नंबर बुजतो. सँडब्लास्टिंग करणाऱ्याचा हात जड असेल तर पातळ नळीचं पोलादही थोडं खरवडलं जातं. चेहऱ्यावर मेकअपचे इतके थर चढवायचे की नाकडोळेच दिसेनासे व्हावेत, त्यातला हा प्रकार!

डेकल्सची गोष्ट तर आणखी गंभीर. जुनी ट्रान्सफर्स व्हार्निशवर चिकटवत. व्हार्निश जरा चिकट होईपर्यंत थांबायचं, ट्रान्सफर दाबून बसवायचं, मग वरचा कागद ओला करून अलगद सरकवायचा. राहायची ती फक्त अक्षरं, रंगात मुरल्यासारखी. आजच्या व्हिनाइल स्टिकरची कडा तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते, आणि सोनेरी रंग पिवळा वाटतो. त्यात पन्नाशीतल्या फ्रेमवर सत्तरीतली अक्षरं लावलेली सायकल दिसली, की मला तरी शिवकालीन नाटकात पात्राच्या मनगटावर घड्याळ दिसल्यासारखं होतं.

हे बारकावे का महत्त्वाचे? रॅलेने १९३२ मध्ये हंबर आणि १९४३ मध्ये रज्ज ही नावं विकत घेतली. पुढे एकाच कारखान्यातून, बऱ्याचशा सारख्या सायकली वेगवेगळ्या नावांनी बाहेर पडू लागल्या. ओळख उरली ती चेनव्हीलच्या नक्षीत (रॅलेचा बगळा, रज्जचा पंजा, हंबरची पळणारी माणसं), बिल्ल्यात आणि डेकल्समध्ये. म्हणजे डेकल ही नुसती सजावट नव्हे, ती सायकलची जन्मपत्रिका आहे. चुकीचं डेकल लावणं म्हणजे पत्रिकेत खाडाखोड!

मी २००४ मध्ये एम.एस्सी.साठी नॉटिंगहॅमला आलो, तेव्हा तिथलं रॅलेचं उत्पादन थांबून दोन वर्षं झाली होती. आमच्या विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस रॅलेच्याच जुन्या जागेवर उभा आहे. ज्या कामगारांनी ब्रश एका दमात ओढून फ्रेमवर सोनेरी रेघ काढली, त्यांच्या हाताचा पुरावा आता त्या रेघेतच उरला आहे. ती मधेच किंचित जाड होते, तिथे कुणाचा तरी हात क्षणभर थबकला होता. सँडब्लास्टिंगला 'अनडू' नसतं आणि या माहितीचा बॅकअप कुठेही नाही, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हा वाद नवा नाही. जुनी चर्चेस खरवडून 'मूळ रूपात' आणण्याच्या हौसेविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इथेच संस्था काढली. तिचं टोपणनावच मुळी 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी!

अर्थात, सगळ्या सायकली गंजत ठेवा असं माझं म्हणणं नाही. रंग जवळजवळ गेलाच असेल, किंवा गंज धातूत शिरला असेल, तर जरूर रंगवा. पण आधी फोटो काढा, अक्षरांची मापं घ्या, ट्रेसिंग करा. पातळ रंग वापरा, योग्य सालाची ट्रान्सफर्स शोधा. आणि निम्मा रंग जरी शाबूत असला, तरी नुसती हलक्या हाताने सफाई करून वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात तयार झालेलं असं मेण आजही वस्तुसंग्रहालयांत वापरतात. प्रदर्शनाच्या कोपऱ्यात अशी एखादी ओरखडे मिरवणारी सायकल असते. बक्षीस तिला क्वचितच मिळतं, पण मी सर्वांत जास्त वेळ तिच्यापाशीच उभा असतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातून आणलेलं एखादं पितळी भांडं असेल. त्यावर आजीचं नाव आणि लग्नाची तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असेल. ते मशीनवर बफिंग करून सोन्यासारखं चमकवता येईल, पण प्रत्येक वेळी ते नाव थोडं थोडं पुसट होत जाईल. पाहुण्यांना काय दाखवायचं, चमक की नाव, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत तुम्हाला कळलंच असेल!