बातमी एक, कायदे चार

पारोळ्यापासूनच सुरुवात करू. समजा, नळाला आठ दिवस पाणी नाही आणि आपल्याला त्याची बातमी करायची आहे. साप्ताहिकात छापायची तर साप्ताहिकाची नोंदणी हवी. गावच्या केबलवर दाखवायची तर १९९५ चा केबल कायदा आला. कार्यक्रमसंहिता मोडली असं वाटलं तर जिल्हाधिकारी किंवा प्रांत प्रक्षेपण थांबवू शकतात. खासगी एफएमवर तर ती सांगताच येत नाही, तिथे फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा आहे. आणि मोबाइलवरून यूट्यूबवर टाकली तर? परवाना काहीच लागत नाही. बातमी तीच, सांगणारा तोच, ऐकणारी गल्लीही तीच.

मग लोक म्हणतात, इंटरनेटलाही लायसन्स लावा ना! आम्हाला वाटतं, गल्लत इथेच होते. १८६७ च्या कायद्याने वर्तमानपत्राकडून परवाना नाही, डिक्लेरेशन मागितलं. मॅजिस्ट्रेटपुढे मुद्रक-प्रकाशकाने आपलं नाव आणि ठिकाण सांगायचं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात ‘हे पत्र अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले’ असं असतं, ते त्यातूनच आलं. २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, नोंदणी ऑनलाइन झाली. पण डिजिटल बातम्या त्याच्या बाहेरच राहिल्या.

त्यांच्यासाठी आहेत २०२१ चे आयटी नियम. त्यात आचारसंहिता आहे, तक्रारींची तीन पायऱ्यांची उतरंड आहे आणि वरच्या पायरीवर सरकार आहे. ‘द लीफलेट’ आणि पत्रकार निखिल वागळे मुंबई उच्च न्यायालयात गेले. १४ ऑगस्ट २०२१ ला न्यायालयाने आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि ही उतरंड, दोन्हींना अंतरिम स्थगिती दिली. नियम १६ ला मात्र स्थगिती मिळाली नाही. हा नियम म्हणतो, तातडी असेल तर प्रकाशकाचं न ऐकता मजकूर आधी बंद करता येतो. शिवाय २००९ पासूनच्या ब्लॉकिंग नियमांत गोपनीयतेचं कलम आहेच.

आमचा आक्षेप याला आहे. नाव-पत्त्याने सरकारचीही सोय होते, हे आम्ही नाकारत नाही. ‘केसरी’तल्या लेखांवरून १९०८ मध्ये टिळकांवर खटला झाला. पण लेख कोणते, कलम कोणतं, हे परकीय सरकारलाही कोर्टात उघड सांगावं लागलं, आणि टिळकांना उत्तर देता आलं. आज चॅनेल बंद पडलं, तर का बंद पडलं हेच कळेल याची खात्री नाही. मुंबई-दिल्लीचं मोठं चॅनेल वकील लावील. पारोळ्याच्या पोराने काय करायचं? छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जायचं, तरी आव्हान द्यायला आदेश हातात नको का?

म्हणून आम्ही म्हणतो, छपाईकडून इंटरनेटवर न्यायचीच असेल तर ती तळाची ओळ न्या. बातमी सांगणाऱ्याने आपलं नाव सांगावं, कुठून बोलतो ते सांगावं, चूक झाली तर तिथेच दुरुस्ती करावी. आणि बंद करणाऱ्यानेही आदेशाखाली सही करावी, कारण लिहावं, त्याची प्रत द्यावी. पाणी का आलं नाही, हे नगरपालिकेला विचारता येतं. बातमी का गेली, हेही तसंच विचारता आलं पाहिजे.